कमी ऐकू येणे आणि श्रवणयंत्राची सवय

रायपूर शहरातील तात्यापारा या वस्तीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता तेव्हापासून या प्रदेशात मराठी माणसांचा वावर आहे. अशाच एखाद्या घराची वाचकांनी कल्पना करावी. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि भाजीबाजारात छत्तीसगढी अशा तीन भाषांत ज्यांचे आयुष्य गेले असे एक सत्तरीचे निवृत्त गृहस्थ बैठकीत वर्तमानपत्र वाचीत बसले आहेत. स्वयंपाकघरात नळ वाहतो आहे. पुण्याहून लग्न होऊन आलेली सून आतूनच विचारते, "बाबा, फिरून आलात का?" गृहस्थ मान वर करून उत्तर देतात, "अजून कुठला? शाळा सुटायला वेळ आहे." प्रश्न आपल्याविषयी नसून नातवाविषयी आहे अशी त्यांची समजूत झालेली असते. घरात हशा पिकतो. हा विनोद पुढे आठवडाभर पाहुण्यांना ऐकवला जातो. गृहस्थ मात्र त्या दिवसापासून कोणी काही विचारले की उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबू लागतात. काही महिन्यांनी ते केवळ मान हलवतात, आणि वर्षभरात जेवण झाल्याबरोबर आपल्या खोलीत निघून जाण्याची सवय त्यांना जडते.

बाबांना ऐकू येत नाही, असे घरातील मंडळी म्हणतात. आपल्याला ऐकू येते, हल्लीची माणसेच पुटपुटत बोलतात, असे बाबांचे म्हणणे असते. या वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे असते, ही गोष्ट समजली म्हणजे श्रवणदोषाचा निम्मा विषय समजला असे म्हणता येईल. गृहस्थांना सुनेचा आवाज ऐकू आला होता. प्रश्न विचारला गेला आहे हेही त्यांना कळले होते. त्यांच्या कानातून निसटला तो केवळ एक 'त'. "आलात का" मधील हा 'त' गळला की "आला का" एवढेच उरते आणि प्रश्नाचा रोख एका माणसावरून दुसऱ्या माणसाकडे वळतो. "तू गेलास" आणि "तो गेला" या वाक्यांची क्रियापदेही अशीच एका 'स'ने वेगळी होतात. मराठीचे व्याकरण पुष्कळदा शब्दाच्या शेवटी येणाऱ्या अशा क्षीण व्यंजनावर तोललेले असते. (नागपूर-रायपूरकडच्या बोलीत आदरार्थीही "आले का" असेच विचारतात. त्यामुळे पत्नीच्या बोलण्यात जो घोटाळा कधी झाला नव्हता तो सुनेच्या पुणेरी बोलण्यात होतो, आणि दोष सुनेच्या उच्चारांवर जातो.)

याशिवाय भाषेनेही येथे थोडी अडचण करून ठेवली आहे. 'ऐकणे' या मराठी क्रियापदाचा एक अर्थ 'मानणे' असा आहे. "तो माझे ऐकत नाही" ही तक्रार कानाविषयी नसते, स्वभावाविषयी असते. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या वाट्याला हा दुसरा अर्थ नकळत येतो, आणि तो हट्टी, घुमा किंवा सोयीपुरते ऐकणारा ठरतो.

कान कसा ऐकतो

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने होत. ती बाह्य कर्णनलिकेतून आत शिरून कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्याला लागून हातोडा, ऐरण आणि रिकीब या नावांची तीन इवलीशी हाडे आहेत. त्यांतील रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड असून त्याची उंची सुमारे तीन मिलिमीटर असते. पडद्याचा पृष्ठभाग मोठा आणि रिकिबीचा तळ लहान असल्यामुळे तेथे ध्वनीचा दाब सुमारे वीसपट होतो. एवढा दाब आवश्यक असतो, कारण पलीकडे अंतर्कर्णात हवा नसून द्रव आहे.

अंतर्कर्णाचा श्रवणाशी संबंधित भाग गोगलगाईच्या शंखासारखा सुमारे अडीच वेढे घेतलेला असतो. तो उलगडून सरळ केला तर त्याची लांबी जेमतेम पस्तीस मिलिमीटर भरेल. या शंखाच्या आत लांबवर पसरलेल्या पटलावर पंधरा-सोळा हजार केशपेशी ओळीने बसविलेल्या असतात. इटालियन शरीरशास्त्रज्ञ कोर्ती यांनी १८५१ साली या रचनेचे वर्णन केले. हे पटल ध्वनीप्रमाणे कसे हेलकावते, हे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या संशोधनाचे सार असे की, या पटलावर प्रत्येक कंप्रतेची जागा ठरलेली आहे. पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे शंखाच्या दाराशी उंच, बारीक स्वर आणि टोकाशी खर्जातील जाड स्वर उमटतात.

वार्धक्याने होणारी झीज आणि गोंगाटाने होणारी इजा या दोन्हींचा आरंभ बहुधा दाराकडील भागात, म्हणजे बारीक स्वरांच्या बाजूने होतो. खर्जाकडील पेशी दीर्घकाळ शाबूत राहतात. आता भाषेतील ध्वनींकडे पाहावे. आ, ई, ऊ या स्वरांची शक्ती मुख्यतः १००० हर्ट्‌झच्या खालच्या पट्ट्यात एकवटलेली असते. बोलण्याचा भरदारपणा स्वरांमुळे येतो. स, श, फ, थ, च, त यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र २००० हर्ट्‌झच्या वर पटते. 'स'चा सुसकारा तर ४००० हर्ट्‌झच्याही वर असतो. ही व्यंजने मुळातच दुबळी असतात, परंतु एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा होतो तो त्यांच्यामुळेच. 'तीस' मधला 'स' नाहीसा झाला की 'ती' उरते. 'पाच' आणि 'पास', 'चार' आणि 'तार' एकरूप होतात. 'सात' आणि 'साठ' यांचा घोटाळा मराठीत होतो तसाच हिंदीतही होतो, आणि रायपूरच्या बाजारात तो पैशांचा घोटाळा ठरतो.

म्हणजे अशा माणसाला आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाहीत. लोक पुटपुटतात असे जे त्याला वाटते ते त्याच्यापुरते अक्षरशः खरे असते.

येथे घरातील मंडळी जो उपाय करतात, तो म्हणजे ओरडून बोलणे. ओरडल्याने स्वर अधिक मोठे होतात, व्यंजने त्या प्रमाणात मोठी होत नाहीत. "आलाऽऽत का" असे ओरडले तर 'आ'चा डोंगर होतो आणि 'त' त्यामागे दडतो. शिवाय केशपेशींना इजा झालेल्या कानाचा आणखी एक चमत्कारिक गुण असा की, हळू आवाज त्याला मुळीच ऐकू येत नाही, परंतु मोठा आवाज मात्र निरोगी कानाइतकाच, कधी त्याहूनही अधिक, झोंबतो. "ऐकू येत नाही" आणि "ओरडता कशाला?" ही दोन वाक्ये एकाच मिनिटात एकाच माणसाच्या तोंडून निघतात ती याच कारणाने. घरातील लोकांना हा तिरसटपणा वाटतो. प्रत्यक्षात अगदी न ऐकू येणे आणि असह्य होणे यांमधील जागाच त्या कानात अरुंद झालेली असते.

कारणे

श्रवणदोषाचे दोन मुख्य प्रकार मानतात. बाहेरील किंवा मधल्या कानात अडथळा असल्यामुळे ध्वनी आतपर्यंत पोहोचत नसेल, तर तो वहनदोष होय. केशपेशी किंवा श्रवणतंत्रिका यांत बिघाड असेल तर तो संवेदनदोष होय. काही जणांत दोन्ही एकत्र असतात. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या प्रकारावर पुष्कळदा औषध किंवा शस्त्रक्रिया उपयोगी पडते. मानवी कानातील नष्ट झालेली केशपेशी मात्र पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांमध्ये ती उगवते, असे १९८० नंतरच्या दशकात आढळून आले. माणसाला ती सोय निसर्गाने दिलेली नाही.

वहनदोषाची सर्वांत साधी बाब म्हणजे मळाचा खडा. तो डॉक्टरकडून काढून घ्यावा. कानकोरणे, केसांतील आकडा किंवा काडेपेटीची काडी यांनी मळ बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जातो. वाहणारा कान ही त्याहून गंभीर गोष्ट होय. लहानपणी वारंवार सर्दी होऊन मधल्या कानात पू होतो, पडद्याला छिद्र पडते आणि ते बुजले नाही तर कान वर्षानुवर्षे वाहत राहतो. रायपूर हे तळ्यांचे गाव. बूढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा ही नावे शहरात कोणालाही परिचित आहेत, आणि आसपासच्या खेड्यांत तळ्यातील स्नान हा नित्यक्रम आहे. पडद्याला छिद्र असलेल्या मुलाने तळ्यात बुडी मारली की ते पाणी थेट मधल्या कानात जाते. कानात कोमट तेल सोडण्याची आजीबाईंची रीतही अशा कानाला अपायकारकच आहे.

संवेदनदोषाची कारणे अनेक आहेत. वय हे त्यांतील सर्वांत व्यापक कारण. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या काही औषधांनीही केशपेशी मरतात. क्विनीनने कानात गुंजारव होतो, तो बहुधा औषध थांबल्यावर जातो. जन्मजात दोष आणि गालगुंड, मस्तिष्कावरणदाह यांसारखे आजार हीसुद्धा कारणे होत. परंतु रायपूरच्या संदर्भात ज्याचा विचार अवश्य करावा लागतो ते कारण गोंगाट हे होय.

जवळच्या भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि हा सारा टापू पोलादाचा झाला. रायपूरच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा येथे स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल आणि लोखंड ओतण्याच्या भट्ट्या उभ्या आहेत. ध्वनीची तीव्रता डेसिबेल या एककात मोजतात. हे नाव टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्यावरून पडले. बेल यांची आई आणि पत्नी या दोघीही बहिऱ्या होत्या. या मोजमापात दहा डेसिबेलची वाढ म्हणजे ध्वनीच्या शक्तीत दहापट वाढ होय, म्हणून ८० आणि ९० हे आकडे शेजारी दिसले तरी त्यांत मोठे अंतर आहे. नेहमीचे संभाषण सुमारे ६० डेसिबेलचे असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणाला कळविण्यायोग्य व्यवसायजन्य रोगांच्या यादीत स्थान दिले होते, आणि त्याखालील नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबेल ही मर्यादा घातली होती. आवाज ९५ झाला तर चार तास आणि १०० झाला तर दोनच तास, असे ते गणित होते. रोलिंग मिलमध्ये शेजाऱ्याशी बोलण्यासाठी त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागत असेल, तर ती मर्यादा ओलांडली गेली आहे असे खुशाल समजावे. या इजेची पहिली खूण ४००० हर्ट्‌झच्या आसपास उमटते. ती वेदना देत नाही. पाळी संपल्यावर काही वेळ कान बधिर वाटतात, किंवा त्यांत शिट्टी वाजते, आणि सकाळी सर्व पूर्ववत झाल्यासारखे वाटते. कामगार म्हणतो, कानाला सवय झाली. वस्तुतः सवय झालेली नसते, केशपेशी कमी झालेल्या असतात.

कारखान्याच्या बाहेरही हा प्रश्न आहेच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी ठरविली. मिरवणुकीत वाहनांवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींविरुद्ध बिलासपूर येथील छत्तीसगढ उच्च न्यायालयाला २०१६ मध्ये आदेश द्यावे लागले, यावरून त्या मर्यादेचे काय होते ते लक्षात येईल.

एका गोष्टीची येथेच स्पष्ट सूचना दिली पाहिजे. एका कानाने किंवा दोन्ही कानांनी एकाएकी, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. अशा बहिरेपणावर उपाय होण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असते. कानातून पू किंवा रक्त येणे, घेरी येणे, एकाच कानाने कमी ऐकू येणे या लक्षणांतही आधी डॉक्टर आणि मग यंत्र हाच क्रम असावा.

तपासणी

रायपुरात ही तपासणी पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात होते. हे महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही शहरात आहे. डॉक्टर प्रथम कान पाहतात आणि नादकाट्याने वहनदोष आहे की संवेदनदोष याचा अंदाज घेतात. नंतर बंदिस्त, शांत खोलीत रुग्णाच्या कानांवर ध्वनिग्राहक चढवून २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंतचे सूर एकेक करून ऐकविले जातात. जेमतेम ऐकू आलेल्या प्रत्येक सुराची नोंद आलेखावर होते. उजव्या कानासाठी तांबडे वर्तुळ, डाव्यासाठी निळी फुली. हा श्रवणालेख होय. आलेखात रेषा जितकी खाली, तितके ऐकणे कमी. वृद्धांच्या आलेखात ती डावीकडे वरच्या अंगाला सुरू होऊन उजवीकडे घसरत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार २० ते ३५ डेसिबेलपर्यंतचा दोष सौम्य, ३५ ते ५० पर्यंतचा मध्यम आणि त्यापुढील अधिकाधिक तीव्र मानला जातो.

सुरांच्या तपासणीनंतर शब्दांची तपासणी होते. एकेक शब्द उच्चारला जातो आणि रुग्णाने तो परत म्हणायचा असतो. ही तपासणी रुग्णाच्या मातृभाषेत व्हावी, हा साधा नियम बहुभाषिक शहरात सहज विसरला जातो. मराठी घरात वाढलेल्या वृद्धेला हिंदी शब्द विचारले आणि तिने चुका केल्या, तर तो दोष कानाचा की भाषेचा हे सांगता येत नाही. घरातील कोणी सोबत गेले असल्यास त्याने ही गोष्ट आपण होऊन सांगावी.

यंत्र

श्रवणयंत्राचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. कानाशी धरायचे कर्णे जुनेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेवर चालणारी यंत्रे आली, ती टेबलावर ठेवावी लागत. १९५२-५३ साली ट्रान्झिस्टर वापरात आल्यावर ती खिशात मावू लागली आणि पुढे कानामागे जाऊन बसली. १९९६ पासून पूर्णतः अंकीय यंत्रे मिळू लागली. अंकीय यंत्राचा विशेष असा की, ते सर्व आवाज सरसकट मोठे करीत नाही. ज्या कंप्रता कानाला कमी ऐकू येतात त्याच अधिक वाढविते, हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढविते. म्हणून ते श्रवणालेख पाहून, संगणकाला जोडून, त्या विशिष्ट कानासाठी जुळवावे लागते. दुकानात तयार मिळणारे स्वस्त ध्वनिवर्धक कानात घालणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावण्यासारखे आहे. दोन्ही कानांत दोष असेल तर शक्यतो दोन यंत्रे घ्यावीत. आवाज कोणत्या दिशेने आला हे दोन कानांच्या तुलनेनेच कळते.

दिव्यांगांना साधने पुरविण्याची केंद्र शासनाची योजना १९८१ पासून चालू आहे, आणि मर्यादित उत्पन्न असलेल्यांना तीमधून श्रवणयंत्र मिळते. शिबिरे भरतात, यंत्रे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. तथापि वाटप एका दुपारी उरकते, जुळवणीला मात्र दोन महिने लागतात, आणि त्या दोन महिन्यांची सोय शिबिरात क्वचितच असते. विकत घेतलेल्या महागड्या यंत्राचीही पुष्कळदा हीच गत होते. महिनाभरात ते कपाटातील खणात जाऊन पडते, आणि "यंत्राचा काही उपयोग झाला नाही" हे वाक्य त्या घरात कायमचे रूढ होते.

पहिले दोन महिने

याचे कारण अपेक्षेत आहे. चष्मा लावल्याबरोबर अक्षर स्पष्ट दिसते. यंत्र लावल्याबरोबर शब्द तसा स्पष्ट ऐकू येत नाही. ऐकण्याचे अर्धे काम मेंदू करतो, आणि ज्या मेंदूला कित्येक वर्षे 'स' आणि 'त' मिळालेले नाहीत त्याला ते एकदम मिळू लागले तरी ओळखता येत नाहीत. पहिल्या दिवशी यंत्रातून जे ऐकू येते ते भाषण नसतेच. पंख्याची घरघर, नळाची धार, भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राच्या पानाची कडकड आणि स्वतःच्या चपलांची फटफट यांचा तो गलका असतो. हे आवाज निरोगी कानालाही ऐकू येतात, पण त्यांकडे दुर्लक्ष करण्याची विद्या मेंदूला अवगत असते. कमी ऐकणाऱ्या माणसाची ती विद्या वापराअभावी गेलेली असते आणि ती पुन्हा मिळवावी लागते. स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. चिवडा खाताना तर जबड्याचा आवाज असा होतो की समोरचे बोलणे बंद पडते. ही शेवटची तक्रार कानातील साचा फार घट्ट बसल्यामुळेही असते. त्याला वायुछिद्र ठेवून ती कमी करता येते.

सवयीचा क्रम साधारणतः पुढीलप्रमाणे असावा. पहिले काही दिवस यंत्र घरात, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना वापरावे. पूर्वी पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन तास असे वेळापत्रक देत असत. आता अनेक तज्ज्ञ सोसवेल तितक्या लवकर दिवसभर वापर सुरू करावा असे सांगतात, कारण तुटक वापराने मेंदूला सरावच होत नाही. दोहोंतील तात्पर्य एकच की रोज वापरावे आणि दुखले तर थांबावे. एक उपयुक्त अभ्यास असा आहे: घरातील कोणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे आणि तोच मजकूर यंत्र लावलेल्या व्यक्तीने डोळ्यांनी वाचीत जावे. अक्षर दिसते आहे आणि ध्वनी येतो आहे, अशा जोडीने मेंदू हरवलेली व्यंजने पुन्हा ओळखू लागतो. आठवड्याने मजकूर न पाहता ऐकावे. त्यानंतर दोन-तीन माणसांचे बोलणे, मग दूरचित्रवाणी, मग रस्ता. जयस्तंभ चौकातील भोंग्यांचा मारा पहिल्याच आठवड्यात घेऊ नये. लग्नाची पंगत आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम यांची पाळी सर्वांत शेवटी यावी. घुमणाऱ्या सभागृहात चांगले कानसुद्धा अडखळतात. तेथे पुढच्या रांगेत बसावे, ध्वनिक्षेपकापासून दूर आणि गोंगाट पाठीमागे येईल अशा रीतीने.

यंत्राची निगा हा भाग क्षुल्लक वाटतो, पण निम्मी यंत्रे जणू त्यावाचूनच बंद पडतात. कानातील मळाने साच्याचे भोक बुजते, ते रोज कोरड्या फडक्याने व सोबतच्या ब्रशाने स्वच्छ करावे. यंत्र शिट्टी घालू लागले तर बहुधा साचा नीट बसलेला नसतो किंवा कानात मळ असतो. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि घाम कानामागील यंत्रात उतरतो. पावसाळ्यात हवेतील दमटपणा तेच काम करतो. रात्री यंत्र झाकणाच्या डबीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. स्नान करताना ते काढावे. जस्त-वायू प्रकारच्या बिल्ल्यासारख्या बॅटरीवरील चिकटपट्टी काढली की ती हवा घेऊन चालू होते, म्हणून पट्टी वापरण्याच्या वेळीच काढावी आणि मिनिटभर थांबून मग बॅटरी बसवावी. ही बॅटरी लहान मुलाने गिळली तर प्राणावर बेतते, तेव्हा ती नातवंडांच्या हाती लागू देऊ नये.

घरातील माणसांचे काम यंत्रामुळे संपत नाही. यंत्राची पोहोच एक-दोन मीटरच्या पलीकडे झपाट्याने घटते, कारण अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबेलने उतरतो. स्वयंपाकघरातून विचारलेला प्रश्न यंत्र लावूनही "आला का" असाच पोहोचणार. सुनेने बैठकीत यावे, "बाबा" अशी हाक मारून त्यांची नजर वर होईपर्यंत थांबावे, चेहऱ्यावर उजेड पडेल असे उभे राहावे आणि न ओरडता, किंचित सावकाश बोलावे. कळले नाही तर तेच शब्द तीनदा उच्चारण्याऐवजी वाक्य बदलावे. "तुम्ही फिरायला जाऊन आलात ना?" या वाक्यात 'तुम्ही' आहे, मग एक 'त' हरवला तरी बिघडत नाही. या सर्वांत एक वाक्य मात्र कटाक्षाने टाळावे. "काही नाही, जाऊ द्या" हे ते वाक्य. बोलणारा ते सहज बोलतो. ऐकणाऱ्याला त्यातील प्रत्येक अक्षर बरोबर ऐकू येते.

यंत्र घेतल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांत श्रवणतज्ज्ञाकडे निदान दोन-तीन वेळा पुन्हा जावे लागते, आणि प्रत्येक वेळी यंत्राची जुळवणी थोडी बदलते. "बरे आहे" किंवा "बरे नाही" एवढ्या उत्तरावरून तज्ज्ञाला काही करता येत नाही. त्यासाठी एक छोटी वही ठेवून कोणता आवाज, कोठे, कोणाचा, किती वाजता त्रासदायक वाटला किंवा कळला नाही याची नोंद करावी. पंखा फार घरघरतो ही नोंद बहुधा पहिल्या पानावर असते. कोणी काही न करता चौथ्या-पाचव्या आठवड्यात ती वहीतून नाहीशी होते. बारीक आवाजाच्या नातवाचे टेलिफोनवरील बोलणे कळत नाही ही नोंद मात्र पुन्हा पुन्हा येत राहते. यंत्राचा ध्वनिग्राहक कानाच्या वरच्या अंगाला असतो, म्हणून टेलिफोन नेहमीच्या जागेपेक्षा बोटभर वर धरून पाहावा. तेवढ्याने भागले नाही, तर पुढच्या भेटीत ते पान तज्ज्ञापुढे उघडून ठेवावे.